बिनपैशाची मुंबई : नव्याने आलेल्यांसाठी मार्गदर्शक

नोकरी, इंटर्नशिप किंवा स्पर्धा परीक्षेसाठी मुंबईत आलेल्यांचं पहिलं वर्ष साधारण सारखंच जातं. पगाराचा मोठा वाटा कॉट बेसिसच्या भाड्यात जातो. मग मेस, पास, घरी पाठवायचे पैसे. रविवार उरतो, पण खिशात काही उरलेलं नसतं, म्हणून तो खोलीवर झोपून निघतो. दोन दोन वर्षं राहूनही स्टेशन, ऑफिस आणि खोली यांच्यापलीकडे काहीच न पाहिलेल्या मुली माझ्याच खोलीत राहून गेल्या. मीही तशाच पगारावर इथे सुरुवात केली होती, त्यामुळे ती अडचण मला माहीत आहे.

मुंबईत छताखाली बसायला पैसे पडतात, उघड्यावर बसायला पडत नाहीत. आणि या शहरातलं उत्तम ते बहुतेक सगळं उघड्यावर आहे: समुद्र, मैदानं, दगडी इमारती, किल्ले, सणांचे रस्ते. छताखालच्याही काही फार चांगल्या जागा विनामूल्य आहेत, फक्त त्या शोधाव्या लागतात. त्यासाठी एकच गोष्ट जमवावी लागते, ती म्हणजे वेळ. कोणत्या वारी, किती वाजता, भरतीला की ओहोटीला हे ठरवून निघालात, तर तिकीट काढून मिळणार नाही इतकं बघायला मिळेल.

खाली ‘फुकट’ म्हणजे प्रवेशाला पैसे नाहीत आणि आत गेल्यावर काही विकत घ्यायची सक्ती नाही, एवढाच अर्थ घ्या.

१. पास नीट काढा, तोच तुमचा फिरायचा परवाना

लोकलचा पास फक्त ऑफिसला जाण्यासाठी असतो, असं बरेच जण धरून चालतात. पास ज्या दोन स्टेशनांमधला आहे, त्यांच्या मधल्या कुठल्याही स्टेशनवर तुम्ही उतरू शकता, कितीही वेळा, रविवारीसुद्धा. ठाणे ते सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) पास असेल तर भायखळा, दादर, शीव, घाटकोपर हे सगळं तुमचंच आहे. अंधेरी ते चर्चगेट असेल तर वांद्रे, दादर, ग्रँट रोड, चर्नी रोड.

म्हणून पास काढताना एक हिशेब करा. तुमचं ऑफिस दादरला असेल, तर पास दादरपर्यंत न काढता सीएसएमटी किंवा चर्चगेटपर्यंत काढला तर किती जास्त पडतात, हे खिडकीवर विचारा. पासाचे दर अंतराच्या टप्प्यांवर ठरतात, त्यामुळे फरक पुष्कळदा अगदी थोडा असतो आणि तेवढ्यात अख्खी दक्षिण मुंबई पदरात पडते. तीन महिन्यांचा पास तीन मासिक पासांपेक्षा स्वस्त पडतो. विद्यार्थी असाल तर कॉलेजच्या कार्यालयातून सवलतीचा फॉर्म घ्या.

इथे दोन सापळे आहेत. पहिला, सेकंड क्लासचा पास एसी लोकलमध्ये आणि फर्स्ट क्लासमध्ये चालत नाही. घाईत समोर आलेल्या एसी गाडीत चढलात आणि टीसी भेटला, तर किमान २५० रुपये दंड आणि वर भाडं. दुसरा, मध्य रेल्वेच्या मार्गाचा पास घेऊन पश्चिम रेल्वेच्या स्टेशनवरून गाडी पकडता येत नाही. मरीन ड्राइव्हवर भटकून थकल्यावर समोर चर्नी रोड स्टेशन दिसतं आणि नेमकं हेच विसरायला होतं.

२. पिशवीत काय असावं

- आधार किंवा दुसरं फोटो असलेलं ओळखपत्र. काही संस्थांमध्ये दारावर नोंद करावी लागते.
- पास, आणि मोबाइलवर असेल तर चार्ज असलेला फोन.
- पाण्याची भरलेली बाटली. विकतचं पाणी हाच नकळत होणारा सगळ्यात मोठा खर्च.
- डबा. मेसमधून पोळीभाजी बांधून घ्या. मैदानावर बसून डबा खाणारे तुम्ही एकटे नसाल.
- पाच-दहा रुपयांची नाणी, सार्वजनिक शौचालयासाठी.
- मोठा रुमाल किंवा ओढणी. गुरुद्वारात आणि दर्ग्यात डोकं झाकायला लागते.
- जून ते सप्टेंबर छत्री, आणि फोनसाठी प्लॅस्टिकची पिशवी.
- चालायची चप्पल किंवा बूट. नवे बूट त्या दिवशी घालू नका.

३. शनिवारी रात्री दोन गोष्टी तपासा

पहिली, मेगाब्लॉक. रविवारी देखभालीसाठी मध्य आणि हार्बर मार्गावर काही तास गाड्या बंद असतात किंवा दुसऱ्या मार्गावरून वळवतात. पश्चिम रेल्वेवरही ब्लॉक असतो. शनिवारच्या वर्तमानपत्रात आणि बातम्यांमध्ये नेमक्या वेळा येतात. ब्लॉक साधारण सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी चार-साडेचारपर्यंत चालतो, तेव्हा एकतर त्याआधी पोहोचा किंवा तो संपल्यावर निघा.

दुसरी, भरती-ओहोटीची वेळ. हे कोकणातून आलेल्यांना सांगावं लागत नाही, बाकीच्यांनी सवय लावून घ्यावी. हाजी अलीचा दर्गा समुद्रात आहे आणि तिथे जाणारी वाट मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते. शिवडीला पक्षी बघायचे तर भरती आणि ओहोटीच्या मधली वेळ साधावी लागते. पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा उंच लाटांच्या दिवसांची यादी महापालिका आधीच जाहीर करते. अशा दिवशी मरीन ड्राइव्हवर लाट कठडा ओलांडून रस्त्यावर येते. ते दृश्य खरोखर बघण्यासारखं आहे, पण रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने बघा. कठड्याखालच्या सिमेंटच्या त्रिकोणी दगडांवर कुठल्याही ऋतूत उतरू नका. ते निसरडे असतात, आणि फटीत अडकलेल्या माणसाला बाहेर काढणं फार अवघड असतं. त्याच दिवशी मोठा पाऊसही असेल तर फिरणं सोडून सरळ घर गाठा, कारण भरतीच्या वेळी शहरातलं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही आणि रूळ बुडतात.

४. पहिला रविवार : सीएसएमटीपासून समुद्रापर्यंत पायी

नव्या माणसाने सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. रविवारी फोर्टमधली ऑफिसं बंद असतात, रस्ते मोकळे असतात आणि इमारतींकडे मान वर करून बघत चाललं तरी कुणाचा धक्का लागत नाही.

दुपारी अडीचच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरा. आपण रोज जिथून धावत सुटतो, ती इमारत १८८७ साली झाली आणि २००४ पासून जागतिक वारसा आहे. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. बाहेर पडण्याआधी उपनगरी गाड्यांच्या जुन्या तिकीटघरात थांबा आणि छताकडे बघा, त्यावर तारे रंगवलेले आहेत. मग रस्ता ओलांडून समोर उभे राहा. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. घुमटावरची स्त्री म्हणजे प्रगतीचा पुतळा. भिंतींवर मोर, माकडं, पानंफुलं कोरलेली आहेत. या कोरीवकामात सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. शेजारची महापालिकेची इमारत स्टीव्हन्सचीच, १८९३ची. दोन्हींकडे नीट बघायला अर्धा तास लागतो, तो द्या. (स्थानकातल्या वारसा संग्रहालयाला वेगळं तिकीट आहे. बाहेरून बघण्यासारखं इतकं आहे की तूर्त ते राहू दे.)

तिथून दादाभाई नौरोजी रोडने हुतात्मा चौकाकडे चला. हा रस्ता कमानींच्या खालून जातो, त्यामुळे उन्हातही सावली मिळते आणि पावसातही फार भिजायला होत नाही. चौकात १८६४ चं फ्लोरा फाउंटन आहे आणि त्याच्या बाजूला संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण दिलेल्यांचं स्मारक. मराठी माणसाने या चौकातून नुसतं पुढे जाऊ नये. दोन मिनिटं उभं राहावं.

चौकातून डावीकडे वळलात की हॉर्निमन सर्कलची बाग. वाटेत सेंट थॉमस कॅथेड्रल लागतं. १७१८ साली उघडलेलं हे चर्च. या चर्चकडे येणाऱ्या जुन्या कोटाच्या वेशीमुळे चर्चगेट हे नाव पडलं. आत शांतपणे बसता येतं, प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर. बाग छोटी आहे, झाडं मोठी आहेत. डबा खायचा तो इथे. समोर पांढऱ्या खांबांची भव्य इमारत दिसते ती टाउन हॉल, १८३३ ची, एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय असलेली.

परत फाउंटनला येऊन महात्मा गांधी रोडने काळा घोडा गाठा. इथे मूळचा घोडा नाही. ब्रिटिश राजा सातव्या एडवर्डच्या पुतळ्यासह तो १९६५ मध्ये इथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. आता आहे तो २०१७ साली बसवलेला, पाठीवर स्वार नसलेला. याच चौकात जहांगीर आर्ट गॅलरी आहे. तिच्याबद्दल पुढे सविस्तर सांगते, पण या दिवशीही तासभर तिथे थांबा.

मग ओव्हल मैदान. मैदानाच्या मधल्या वाटेवर उभं राहून आधी पूर्वेकडे बघा: उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर. टॉवर १८७८ साली पुरा झाला, उंची ८५ मीटर, पैसे प्रेमचंद रायचंद यांचे आणि नाव त्यांच्या आईचं. उच्च न्यायालयाच्या याच इमारतीत १९०८ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आता पाठ फिरवून पश्चिमेकडे बघा. एकदम दुसरा काळ: गोलाकार गॅलऱ्या, आडव्या पट्ट्या, १९३० च्या दशकातली आर्ट डेको घरं. मधल्या काळात समुद्रात भर घालून ती जमीन तयार झाली. त्याआधी या मैदानाच्या पलीकडे समुद्रच होता. मैदानाच्या दोन्ही बाजू मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. जगभरातून माणसं हे बघायला येतात आणि आपण चर्चगेटला उतरून मान खाली घालून ऑफिसला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

चर्चगेट स्टेशन ओलांडलं की पाच-सात मिनिटांत मरीन ड्राइव्ह. सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास पोहोचायचं. नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासात उलटून जातात, त्याप्रमाणे वर दिलेली अडीचची वेळ पुढे-मागे करा. कठड्यावर बसा. इथे तुम्ही किती वेळ बसलात हे कुणी विचारत नाही, एकटं का बसलात हेही नाही. अंधार पडल्यावर दिव्यांची माळ बघत उत्तरेकडे चालत गेलात की गिरगाव चौपाटी. १९२० साली टिळकांचे अंत्यसंस्कार इथेच झाले. त्यांचा पुतळा वाळूजवळ आहे.

पश्चिम रेल्वेचा पास असेल तर चर्नी रोडहून परत. मध्य रेल्वेचा असेल तर चौपाटीपर्यंत न जाता चर्चगेटवरूनच सीएसएमटीकडे मागे फिरा. तेवढ्या अंधारात स्टेशनच्या इमारतीवर रंगीत दिवे लागलेले असतात.

५. चित्रं बघायला सुरुवात करा

‘आपल्याला चित्रातलं काय कळतं’ म्हणून माणसं जहांगीरच्या दारावरून परत जातात. आत जायला काहीच कळावं लागत नाही, तिकीटही लागत नाही. १९५२ पासून ही गॅलरी सगळ्यांसाठी उघडी आहे, वेळ सकाळी अकरा ते संध्याकाळी सात. प्रदर्शनं साधारण मंगळवारी सुरू होतात आणि सोमवारी संपतात, म्हणजे दर आठवड्याला नवी चित्रं. मुख्य म्हणजे चित्रकार स्वतः तिथे बसलेला असतो. कोल्हापूर, सांगली, नाशिक, नागपूर असे कुठून कुठून लोक वर्षानुवर्षं तारखेची वाट पाहून इथे आलेले असतात. ‘हे कशावर काढलंय, किती दिवस लागले’ एवढं विचारलंत तरी पुरे. मराठीत विचारा. विकत घेणार नाही हे चेहऱ्यावरून कळतंच, त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. बाहेरच्या फुटपाथवरही चित्रकार आपली चित्रं मांडून बसतात.

इथे सरावलात की पुढच्या पायऱ्या:

- काळा घोडा, फोर्ट आणि कुलाबा भागात खासगी गॅलऱ्या आहेत. जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यावर, दारावर बेल. बेल वाजवायला संकोच वाटतो, पण वाजवा. प्रवेशाला पैसे नाहीत. रविवारी या बहुधा बंद असतात, त्यामुळे शनिवार दुपार ठेवा. जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो, तेव्हा सगळीकडे एकदम नवी प्रदर्शनं लागतात.
- सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, १८५७ सालची संस्था, सीएसएमटीपासून चालत. वर्षातून एकदा विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन भरतं, साधारण जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास. ते चुकवू नका. त्या निमित्ताने आतला जुना परिसरही बघता येतो.
- वरळीच्या नेहरू सेंटरची कलादालनं आणि काळा घोड्याजवळचं मॅक्स म्युलर भवन हे जर्मन सांस्कृतिक केंद्र. दोन्हीकडे प्रदर्शनं विनामूल्य असतात.
- काळा घोडा कला महोत्सव. १९९९ पासून, जानेवारीच्या अखेरीस ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला, नऊ दिवस. नाच, गाणी, नाटक, व्याख्यानं, सगळं विनामूल्य. वारसाफेऱ्या आणि कार्यशाळांसाठी आधी नावनोंदणी लागते आणि ती लवकर भरते. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी इतकी गर्दी असते की काहीच दिसत नाही. आठवड्यातल्या एखाद्या दुपारी जा.

गावदेवीतलं मणिभवनही याच यादीत ठेवा, ग्रँट रोडहून चालत. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की इथे उतरत. वरच्या मजल्यावरची त्यांची खोली, चरखा, खाली ग्रंथालय. प्रवेश विनामूल्य आहे, देणगीपेटी आहे. तिथली शांतता एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी अनुभवावी.

६. मराठी कार्यक्रमांची संध्याकाळ

गावाकडून आलेल्या वाचणाऱ्या माणसाला मुंबईत सगळ्यात मोठी चैन परवडते ती ही. व्याख्यानं, पुस्तक प्रकाशनं, काव्यवाचनं, गाण्याच्या बैठकी आणि चर्चा वर्षभर चालू असतात आणि त्यातल्या पुष्कळ विनामूल्य. मंत्रालयाजवळचं यशवंतराव चव्हाण सेंटर, दादरचं सावरकर स्मारक, दादर-माटुंगा कल्चरल सेंटर, गिरगावातलं साहित्य संघ मंदिर, विलेपार्ल्यातल्या संस्था, ठाणे आणि डोंबिवलीतली ग्रंथालयं. वर्तमानपत्राच्या मुंबईच्या पानावर कार्यक्रमांचं सदर असतं, ते रोज चाळा. ‘प्रवेश विनामूल्य, काही जागा निमंत्रितांसाठी राखीव’ असं लिहिलेलं असेल तर पुढच्या दोन-तीन रांगा सोडून बसायचं आणि अर्धा तास आधी पोहोचायचं. ‘विनामूल्य प्रवेशिका’ असं असेल तर मात्र कार्यक्रमाच्या आधी एखाद्या दुकानातून किंवा नाट्यगृहाच्या खिडकीवरून त्या घ्याव्या लागतात. ऐन वेळी दारावर वाद घालून आत सोडत नाहीत. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांना हे हमखास लागू असतं.

२७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. त्या आठवड्यात कुठे जाऊ आणि कुठे नको असं होतं. वसंत व्याख्यानमाला उन्हाळ्यात.

प्रकाशन समारंभाला पुस्तक घ्यायची सक्ती नसते. चहा मिळतो, तो घ्यायला लाजू नका, पण भाषणं टाळून फक्त चहाला पोहोचणं बरं नाही.

विज्ञानाची आवड असेल तर टीआयएफआर ही संशोधन संस्था ‘चाय अँड व्हाय’ नावाने रविवारी सकाळी गप्पांचे कार्यक्रम घेते, जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये आणि माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजात. शास्त्रज्ञ समोर उभा, आणि लहान मुलंही बेधडक प्रश्न विचारतात.

७. मैदानावर बसा

दादरचं शिवाजी पार्क, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज पार्क. संध्याकाळी कट्ट्यावर जागा मिळाली की झालं. एकीकडे क्रिकेटची नेट, एकीकडे चालणारे ज्येष्ठ, एकीकडे श्री समर्थ व्यायाम मंदिरातला मल्लखांब. मुलं दोरावर आणि खांबावर जे करतात ते कडेला उभं राहून बघता येतं. मध्ये जाऊ नका, फोटोसाठी आधी विचारा.

आझाद मैदानावर एकाच वेळी कितीतरी सामने चालू असतात, एकाच्या क्षेत्ररक्षकाच्या मागे दुसऱ्याचा यष्टिरक्षक. १९८८ साली सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीची शालेय क्रिकेटमधली ६६४ धावांची भागीदारी इथलीच. पावसाळ्यात, चिखलात खेळली जाणारी कांगा लीग १९४८ पासून चालू आहे. आणि रणजी सामन्यांना सहसा तिकीट नसतं. वानखेडेवर आयपीएलला जायला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात महिन्याची मेस होते. रणजीला तेच मैदान, तीच हिरवळ, आणि खेळाडूचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता.

८. किल्ले, लेणी, तळं आणि पक्षी

यातलं जे तुमच्या पासाच्या मार्गावर असेल त्याने सुरुवात करा.

वसई, विरार, नालासोपाऱ्याला राहणाऱ्यांनी आधी वसईचा किल्ला गाठावा. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला तो हाच. आतल्या पडक्या चर्चांमध्ये सकाळचं ऊन शिरतं तेव्हा जावं. अंधार पडायच्या आत बाहेर यावं. शीवचा किल्ला शीव स्टेशनपासून चालत आहे, छोटा आहे, पण वरून पूर्वेकडचा मोठा टापू दिसतो. वांद्र्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधला, तिथून सागरी सेतू अगदी समोर येतो. वरळीच्या किल्ल्याकडची वाट कोळीवाड्यातून जाते. ते लोकांचं राहतं गाव आहे, घरांचे आणि बायकांचे फोटो काढत जाऊ नका. हेच गिरगावातल्या खोताच्या वाडी या जुन्या घरांच्या वस्तीलाही लागू.

बोरिवलीची मंडपेश्वर लेणी विनामूल्य आहेत. शैव लेणी, पुढे पोर्तुगीजांनी त्यांचं चर्च केलं, वरच्या बाजूला त्यांच्या इमारतीचे अवशेष अजून उभे आहेत. जोगेश्वरीचं लेणं घरांच्या गर्दीत दडलेलं आहे आणि आत देवीची पूजा चालू असते. मोबाइलचा टॉर्च लागेल.

कान्हेरी आणि घारापुरीला मात्र तिकीट आहे. १८ एप्रिलच्या जागतिक वारसा दिनी पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना प्रवेश मोफत असतो. पण कान्हेरीला जाताना राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट वेगळं आणि घारापुरीला बोटीचं भाडं वेगळं, तेव्हा ‘मोफत’ ऐकून थेट निघू नका.

वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव. शिलाहारांच्या दरबारातले लक्ष्मण प्रभू यांनी ११२७ साली बांधला, १७१५ मध्ये रामा कामत यांनी पुन्हा बांधून घेतला. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि तलावाला गोड्या पाण्याचा झरा. पायऱ्यांवर बसलं की आपण मलबार हिलवर आहोत हे खरं वाटत नाही. तिथून चढून हँगिंग गार्डन आणि म्हातारीच्या बुटाचं कमला नेहरू पार्क. दोन्ही विनामूल्य. पार्कातून मरीन ड्राइव्हचा अख्खा बाक दिसतो.

शिवडीच्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात. हार्बरच्या शिवडी स्टेशनवरून पूर्वेला पंधरा-वीस मिनिटं चालत. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि पक्षी नसतात, पूर्ण ओहोटीला ते फार लांब जातात. मधली वेळ धरा. अटल सेतू तिथूनच सुरू होतो, त्यामुळे परिसर बदललाय, पण जवळच १६८० चा छोटा किल्लाही आहे. एकट्याने न जाता दोघं-तिघं मिळून जावं.

९. सणांच्या दिवसांत

गणेशोत्सवात घरी जाता आलं नाही म्हणून खोलीत बसून राहू नका. चिंचपोकळी स्टेशनला उतरलं की चिंतामणी, गणेश गल्ली, लालबागचा राजा सगळं चालण्याच्या अंतरात. लालबागला दोन रांगा असतात: नवसाची आणि मुखदर्शनाची. नवसाच्या रांगेत अख्खा दिवस जाऊ शकतो. मुखदर्शन बरंच लवकर होतं. पहिल्या तीन-चार दिवसांतली कामाच्या दिवसाची पहाट ही सगळ्यात बरी वेळ. शनिवार-रविवार टाळा. गर्दीत मोबाइल पुढच्या खिशात, दागिने घरी.

माझं मन मात्र गिरगावात केशवजी नाईक चाळीत जास्त रमतं. १८९३ पासूनचा गणपती, लहान मूर्ती, साधी आरास, रांग नाही. चाळीत उत्सव कसा असतो हे तिथे कळतं. पुढे खेतवाडीच्या गल्ल्या पायी पायी.

गुढीपाडव्याला गिरगाव, डोंबिवली आणि ठाण्याच्या शोभायात्रा, सकाळी लवकर. सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा. दसऱ्याच्या आदल्या पहाटे दादरचा फुलबाजार, झेंडूचे डोंगर. एक तास उभं राहायचं, वाटेत थांबून हमालांची अडचण करायची नाही.

सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांचे असंख्य स्टॉल लागतात. चैत्यभूमीला येणारी माणसं खेड्यापाड्यांतून येतात आणि परतताना पुस्तकं घेऊन जातात. तो अभिवादनाचा दिवस आहे, सहलीसारखं जाऊ नका. पण वाचणाऱ्याने एकदा तरी तिथे असावं.

१०. खाणं, पाणी, शौचालय

दादरच्या गुरुद्वारात लंगर सगळ्यांसाठी असतो, जात-धर्म कुणी विचारत नाही. डोकं झाका, पायातलं बाहेर ठेवा, ताटात टाकू नका. जमेल तेव्हा भांडी घासायला किंवा वाढायला थांबा. फुकट जेवायची जागा म्हणून नव्हे, तर तिथल्या रीतीने जायची जागा म्हणून जा. गणपतीत अनेक मंडळांमध्ये महाप्रसाद असतो.

पाणी स्टेशनवरच्या नळावर भरा.

मुलींसाठी शौचालयाचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर कुणी लिहीत नाही. कला दालनं, नाट्यगृहं, मॉल, मोठ्या स्टेशनांची प्रतीक्षालयं या जागा आधीच लक्षात ठेवून वाट आखा. किल्ले आणि लेण्यांच्या दिवशी निघण्याआधी स्टेशनवर जाऊन या. मुद्दाम पाणी कमी पिऊन निघू नका, उन्हात त्रास होतो.

११. ‘फ्री’ म्हणून फसवणाऱ्या जागा

- कॅफेमधला ‘एंट्री फ्री’ कार्यक्रम. आत गेल्यावर किमान ऑर्डर द्यावी लागते. दारावरच विचारा.
- चौपाटीवर अंथरलेली चटई. बसलात की मागवावं लागतं. वाळूवर किंवा कठड्यावर बसा.
- गेटवे ऑफ इंडियाजवळचे फोटोवाले. आधी फोटो काढतात, मग पैसे सांगतात. स्पष्ट ‘नको’ म्हणा आणि चालत राहा. १९२४ साली पूर्ण झालेली ती कमान बघायला तिकीट नाही, सुरक्षा तपासणी मात्र आहे.
- देवळाबाहेरचं ‘चप्पल इथे ठेवा’. ठेवली की हार-प्रसादाची टोपली हातात येते. देवस्थानाचा स्वतःचा चप्पल स्टँड कुठे आहे ते विचारा.
- पावसाळ्यात आक्सासारखे किनारे. दरवर्षी तिथे माणसं बुडतात. पोलिसांचा फलक असेल तर पाण्यात पाय घालू नका.

रात्री उशिरापर्यंत थांबणार असाल तर परतीची गाडी आधी बघून ठेवा. लोकल रात्री एकच्या सुमारास थांबतात आणि पहाटे चारच्या आसपास पुन्हा सुरू होतात, पण कर्जत, कसारा, विरारकडच्या लांबच्या गाड्या त्याआधीच संपतात. मुलींनी रात्री महिलांच्या त्या डब्यात बसावं ज्यात पोलीस असतो. गाडी चुकली तर रिक्षा-टॅक्सीला दिवसभर वाचवलेल्यापेक्षा जास्त जातील, म्हणून शेवटच्या गाडीवर न विसंबता तिच्या आधीची पकडा.